पराचा कावळा

खोटें बोलूं नये हा उपदेश ज्या घरांत दिवसांतून दहा वेळां होतो, त्याच घरांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर एखाद्या थापाड्या पाहुण्याभोंवतीं सारी मंडळी कोंडाळें करून बसतात. दुपारीं मुलाच्या लहानशा खोट्यासाठीं त्याचा कान पिळणारे वडील रात्रीं पाहुण्याच्या हत्तीएवढ्या खोट्याला हुंकार देत असतात. आणि ज्या आजीबाई भाजीवालीच्या हिशेबांत एक पैची चूक खपवून घेत नाहींत, त्याच ‘मग पुढें काय झालें?’ म्हणून आपण होऊन विचारतात. नीतिशास्त्र्याला यांत ढोंग दिसेल. आम्हांस तसें दिसत नाहीं. खोट्याचे दोन प्रकार या माणसांना न शिकवितां कळतात, व त्यांपैकीं एकाला शिक्षा आणि दुसऱ्याला पानसुपारी देण्यांत त्यांची कांहींच गफलत होत नाहीं, असें आमचें मत आहे. ते दोन प्रकार कोणते, आणि न घडलेल्या गोष्टीवर घटकाभर विश्वास बसतो तो कशाच्या बळावर, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या भाषेनें हा विचार पूर्वींच करून ठेविला आहे. स्वार्थाच्या खोट्याला ती ‘लबाडी’ म्हणते, पण चांगल्या थापेला ‘लोणकढी’ हें विशेषण देते. लोणकढें तूप म्हणजे ताज्या लोण्याचें, घरीं कढविलेलें तूप. थापेला अशा तुपाची पदवी देणारी भाषा तिच्याकडे निव्वळ तिरस्कारानें पाहत असेल हें संभवत नाहीं. तसाच ‘पराचा कावळा करणें’ हा वाक्प्रचार पाहा. तो निंदेचा आहे खरा. परंतु त्यांत कारागिरीची एक अटहि सांगून ठेविली आहे. कावळा करावयाचा तर निदान एक पर हाताशीं असावा लागतो. ‘राईचा पर्वत’ करावयालाहि एक राई लागते. हाताशीं कांहींच नसतां केलेला कावळा कोणाच्याहि अंगणांत उतरत नाहीं.

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९६० सालाच्या आगेंमागें, पुण्यास नदीजवळच्या एका पेठेंत आम्ही ज्या वाड्यांत राहत होतों, तेथें रेल्वेच्या गार्डाच्या नोकरींतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सारा वाडा त्यांना आजोबा म्हणे. त्यांचीं उमेदीचीं वर्षें बोरघाटांत, मालगाडीच्या शेवटच्या डब्यांत गेलीं होतीं, आणि त्या डब्यांतून त्यांनीं जें पाहिलें तें दुसऱ्या कोणींहि पाहिलें असणें शक्य नव्हतें. त्यांची धुक्याची गोष्ट वाड्यांतल्या प्रत्येक मुलाला पाठ होती. आषाढांतली रात्र, खंडाळ्याच्या अलीकडे गाडी सिग्नलला उभी, आणि धुकें इतकें दाट कीं कंदिलाचा उजेड कंदिलाच्या कांचेबाहेर पडेना. आजोबांना भूक लागली. डब्यांत कंदील टांगावयाला खुंटी होती, पण खालीं उतरल्यावर खुंटी कोठची? तेव्हां त्यांनीं कंदील धुक्यालाच टांगला, रुळांशेजारच्या दगडावर बसून फडकें सोडलें, आणि भाकरी व लसणीची चटणी खावयास घेतली. अर्धी भाकरी झाली असेल नसेल, इतक्यांत घाटाखालून वारा सुटला, धुकें फाटलें, आणि कंदील दाणकन् खालीं येऊन त्याची कांच फुटली. त्या कांचेचे साडेतीन आणे पुढल्या महिन्याच्या पगारांतून कापले गेले.

‘मग आजोबा, गाडीचें काय झालें?’ असें कोणीतरी विचारीच. ‘काय व्हायचें? दुसरा कंदील मिळेपर्यंत बत्ती दाखवितां येईना. गाडी वीस मिनिटें उशिरां सुटली. उशिराचें कारण वहींत लिहावें लागतें, बाळ. मीं लिहिलें, धुकें विरळ झाल्यामुळें.’

या गोष्टीवर आमचा विश्वास होता काय, असें कोणी विचारील तर उत्तर देणें कठीण आहे. धुक्याला कंदील टांगतां येत नाहीं हें पांच वर्षांच्या पोरालाहि ठाऊक होतें. परंतु साडेतीन आण्यांबद्दल कोणालाच संशय नव्हता. लसणीची चटणी खरी होती, डब्यांतली खुंटी खरी होती, वहींत कारण लिहिण्याचा नियम तर शंभर टक्के खरा होता. इतक्या खऱ्या माणसांच्या घोळक्यांत एखादा तोतया शिरावा आणि पहारेकऱ्यानें त्यालाहि सलाम ठोकावा, तसें त्या एका अशक्य गोष्टीचें होत असे. गोष्टींत खोटें एकच होतें, पण तें एवढें मोठें होतें कीं त्याला लपविण्याचा प्रयत्नच नव्हता. आणि बाकीचें सारें इतकें लहान होतें कीं तें खोटें बोलून कोणाला काय मिळणार होतें?

याच वाड्यांत दुसरे एक गृहस्थ राहत. ते कधीं अशक्य असें कांहींच सांगत नसत. अमुक अधिकाऱ्यानें आपला सल्ला घेतला, तमुक सभेंत आपण उभे राहतांच सर्वत्र शांतता पसरली, एका संस्थानिकानें आपणांस दिवाणगिरी देऊं केली होती पण आपणच ती नाकारली, अशा त्यांच्या हकीकती. यांतली प्रत्येक गोष्ट घडण्याजोगी होती, आणि एकीवरहि कोणाचा विश्वास नव्हता. त्यांच्या प्रत्येक हकीकतींत शेवटीं त्यांचीच उंची दोन बोटें वाढत असे, आणि ऐकणारा मनांतल्या मनांत ती मापून ठेवीत असे. आजोबांच्या गोष्टींत आजोबांचे साडेतीन आणे जात. श्रोता मोठा हिशेबी असतो. गोष्ट शक्य कीं अशक्य हें तो मागाहून पाहतो. या गोष्टीनें सांगणाऱ्याचा फायदा काय, हें तो आधीं पाहतो. थाप आणि बढाई यांतला भेद येथें आहे. थापेंत सांगणारा आपल्या पदरचें देतो, बढाईंत ऐकणाऱ्याकडून घेतो.

शक्य असून न पटणाऱ्या गोष्टीपेक्षां अशक्य असून पटणारी गोष्ट कवीनें पत्करावी, असें ॲरिस्टॉटलनें आपल्या काव्यविषयक ग्रंथांत सांगितलें आहे, आणि खोटें कसें सांगावें हें इतर कवींना होमरनें शिकविलें अशी पावतीहि दिली आहे. आपल्याकडे दंडीनें सुमारें सातव्या-आठव्या शतकांत ‘काव्यादर्शां’त हाच प्रश्न अधिक बारकाईनें हाताळला. लोकव्यवहाराची मर्यादा न ओलांडणाऱ्या वर्णनाला तो ‘कांति’ नांवाचा गुण म्हणतो आणि ती ओलांडणाऱ्याला ‘अत्युक्ति’. आपल्यासारख्या तपस्व्यांची पायधूळ ज्यांना लागते तींच खरीं घरें, असें यजमान म्हणाला तर ती कांति. पायधुळीनें पातक धुतलें गेल्यामुळें आमचें घर आजपासून देवळासारखें पूज्य झालें, असें म्हणाला तर ती अत्युक्ति. एका सुंदरीचें तारुण्य पुढें किती विस्तारणार आहे याचा अंदाज न घेतां ब्रह्मदेवानें आकाश लहान करून ठेविलें, ही अत्युक्तीची त्यानें दिलेली दुसरी मासलेवाईक वानगी. गंमत अशी कीं, हाच दंडी पुढच्या परिच्छेदांत लोकमर्यादा ओलांडणाऱ्या अतिशयोक्तीला सर्व अलंकारांत उत्तम म्हणतो. हा विसंवाद आम्हांस तरी वाटत नाहीं. मर्यादा ओलांडूं नये असें त्याचें म्हणणें नसून, ओलांडतांना पाय कोठें टेकतो तें पाहावें, असें असावें.

पाय टेकून मर्यादा ओलांडण्याचा उत्तम नमुना आम्हांस आमच्याच पैठणांत सांपडतो. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें रचिलेल्या ‘कथासरित्सागरां’त गुणाढ्याची कथा आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हतें. जलक्रीडेंत राणी त्याला ‘पाण्यानें मारूं नका’ अशा अर्थाचें संस्कृत बोलली. त्यांतला संधि न कळून राजानें मोदक मागविले, आणि राणी हंसली. अपमानलेल्या राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवितों असें गुणाढ्य म्हणाला; शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. तसें झाल्यास संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडण्याची गुणाढ्यानें पैज घेतली, व तो ती हरला. मग अरण्यांत जाऊन त्यानें उरलेल्या पैशाची भाषेंत बृहत्कथा लिहिली. सात वर्षांत सात लक्ष श्लोक, आणि तेहि स्वतःच्या रक्तानें.

येथें वाचकानें थांबून पाहावें. सात लक्ष श्लोक म्हणजे दिवसाला सुमारें पावणेतीनशें; अहोरात्र लेखणी चालविली तरी एका श्लोकाला सवापांच मिनिटें. अंगांतलें रक्त तर केव्हांच आटावयाचें. पण सोमदेव रक्ताचें कारण काय देतो? अरण्यांत शाई नव्हती. साडेतीन आणे तेच हे. शाई नव्हती हें ऐकतांच आपण मान डोलावतों, आणि मान एकदां डोलावल्यावर रक्तहि गिळतों.

पुढचा भाग याहून सरस आहे. पैशाची भाषेंतला रक्तानें लिहिलेला ग्रंथ राजानें झिडकारला. तेव्हां गुणाढ्यानें एका टेकडीवर अग्नि पेटविला, व एक एक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो तें अग्नींत टाकूं लागला. सारे पशु डोळ्यांत पाणी आणून, चारा विसरून ऐकत उभे राहिले. ही झाली अत्युक्ति. आतां तिचें पाऊल कोठें टेकतें तें पाहा. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, वाळलेलें मांस खाण्यांत आल्यामुळें. आचाऱ्यांना दटावलें, ते म्हणाले, पारधी असेंच मांस आणतात. पारध्यांना विचारलें; ते म्हणाले, रानांतलीं जनावरें चरतच नाहींत, तीं एका ब्राह्मणाची कथा ऐकत बसलीं आहेत. राजा धांवत गेला तोंपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरला एक लक्ष. ज्या माणसाला कथेचा गोडवा कळला नाहीं त्याला तो मुदपाकखान्याच्या वाटेनें कळावा, ही युक्ति ज्याला सुचली त्याच्यापुढें आम्ही हात जोडतों. वैद्य, आचारी, पारधी ही साखळी इतकी व्यवहारी आहे कीं तिच्या टोंकाला हरणें रडत उभीं आहेत याचें आपणांस नवल वाटत नाहीं. सहा लक्ष श्लोक गेले याची मात्र हळहळ वाटते.

युरोपांत या कलेचा मुकुटमणि म्हणजे बॅरन मुंखहाउझेन. हा काल्पनिक पुरुष नव्हे. १७२० सालीं जर्मनींतल्या बोडेनवेर्डर गांवीं तो जन्मला, रशियाच्या सैन्यांत राहून तुर्कांशीं लढला, आणि घरीं परतल्यावर जेवणाच्या मेजावर शिकारीच्या व लढाईच्या गोष्टी सांगूं लागला. रुडोल्फ राश्पे यानें त्यांत पुष्कळ भर घालून १७८५ सालीं इंग्रजींत पुस्तक काढलें. पुढल्याच वर्षीं बुर्गर कवीनें तें जर्मनींत नेऊन आणखी वाढविलें. रशियाच्या बर्फांत घोडा एका खुंटाला बांधून बॅरन निजतो. सकाळीं जागा होतो तों बर्फ वितळलेलें, आपण गांवाच्या स्मशानभूमींत, आणि घोडा देवळाच्या शिखराला लोंबकळतो आहे. खुंट म्हणजे शिखराचें टोंक होतें! पिस्तुलानें दावें तोडून तो घोडा खालीं घेतो व पुढें चालूं लागतो. त्यानें आश्चर्य करण्यांत वेळ दवडला असता तर गोष्ट मेलीच असती. मात्र लोक पुस्तकांतल्या बॅरनसाठीं खऱ्या बॅरनला हंसूं लागले, आणि १७९७ सालीं तो वारला तोंपर्यंत त्या कीर्तीनें त्याला मनस्तापच दिला. आपल्या घरच्या मेजावरची थाप छापखान्यांत गेली म्हणजे ती आपली राहत नाहीं.

खोटें पटतें तें असें. खरें पटत नाहीं तें कसें, हेंहि पाहण्याजोगें आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९० च्या आपल्या ग्रंथांत एक हकीकत दिली आहे. सयामच्या राजाला डच वकील आपल्या देशाच्या गोष्टी सांगत असे, व राजा त्या मानीत असे. एके दिवशीं वकील म्हणाला कीं, आमच्याकडे थंडींत पाणी इतकें कठीण होतें कीं माणसें त्यावरून चालतात. हत्ती असता तर तोहि चालला असता. राजानें सांगितलें कीं, आजवर भला माणूस म्हणून तुझ्यावर विश्वास ठेविला, आतां मात्र तूं खोटा आहेस अशी माझी खात्री झाली. बिचाऱ्या वकिलानें खरें तेंच सांगितलें होतें. पण सयामांत त्या पाण्याचा एक परहि कोणीं पाहिला नव्हता. हिरोडोटसनें तर ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत याच्या उलट उपकार करून ठेविला. इजिप्तच्या नेको राजानें पाठविलेले फिनिशियन खलाशी आफ्रिकेला वळसा घालून आले, आणि तो घालतांना सूर्य आपल्या उजव्या हाताला होता असें सांगूं लागले. हिरोडोटसनें तें लिहून ठेविलें व आपणांस हें खरें वाटत नाहीं अशी पुस्ती जोडली. आज त्याच एका वाक्यावरून ते खलाशी विषुववृत्ताच्या दक्षिणेस गेले असले पाहिजेत असें मानतात. आपणांस न पटणारी गोष्ट गाळून न टाकण्याचें हें शहाणपण सयामच्या राजाजवळ नव्हतें.

इतकें थापेचें कौतुक केल्यावर तिच्या अपराधाविषयीं मौन धरणें बरें नव्हे. ओसरीवर जी थाप गोड लागते ती दप्तरांत शिरली म्हणजे विष होते. आपल्या बखरींतून फौजांचे आंकडे लाखांनीं वाहतात. वाचतांना वीरश्री येते, पण त्या लढाईला खरोखर किती माणूस गेलें आणि किती परतलें हें ज्याला हवें त्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो अस्सल पत्रांचा, आणि बखरींची कसून झडती घेतली, ती याचसाठीं. बखरकाराचा दोष अतिशयोक्तीचा नव्हता, ती करतांना डोळा न मिचकावण्याचा होता. आज तर यंत्रें न झालेल्या प्रसंगाचें हुबेहूब चित्र व न बोललेल्या माणसाचा हुबेहूब आवाज घडवूं लागलीं आहेत. तेथें परहि नाहीं आणि डोळा मिचकावणारा माणूसहि नाहीं. कावळा तेवढा उडतो आहे. थाप ही दोघांच्या संमतीनें चालते. दुसऱ्याची संमति न घेतां चालविलेली ती फसवणूक.

आतां राहिला एक प्रश्न. जन्मभर पराचे कावळे करणाऱ्या माणसावर खराच प्रसंग आला, तर तो काय करतो?

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यामागून खडकवासल्याचें फुटलें, आणि मुठेचें पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरलें. आमच्या वाड्याचा नदीकडचा अर्धा भाग त्या दिवशीं गेला. आजोबांच्या दोन खोल्या त्यांतच होत्या. पुढें कांहीं महिन्यांनीं आमच्याकडे नागपूरचे एक पाहुणे आले. आजोबांची कीर्ति त्यांच्या कानीं होती, आणि पुराची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावी म्हणून ते मुद्दाम उत्सुक होते. रात्रीं मंडळी जमली. ‘पाणी किती आलें होतें हो?’ असें पाहुण्यांनीं विचारलें. आजोबा उठले, भिंतीजवळ गेले, आणि चिखलाची जी रेघ अजून पुसली गेली नव्हती तिच्यावर त्यांनीं काठीचें टोंक ठेविलें. ‘येथपर्यंत,’ ते म्हणाले. एक बोटहि वर नाहीं. मग त्यांनीं काय काय गेलें तें सांगितलें: दोन ट्रंका, एक घंगाळ, लोणच्याच्या तीन बरण्या, नोकरींतल्या जुन्या वह्या. पलीकडच्या खोलींतली बाई मांजर आणावयाला परत गेली, ती सांपडली नाहीं. गार्डाच्या वहींत नोंद करावी तसें हें सारें त्यांनीं पांच-सात वाक्यांत संपविलें. पाहुणे कावळ्याची वाट पाहत राहिले. तो आला नाहीं. कोणींहि हुंकार दिला नाहीं, आणि त्या रात्रीं आजोबांच्या एका शब्दावरहि कोणाचा अविश्वास नव्हता.

मराठी मनाला सर्वांत मोठा घाव १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर बसला. त्याची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रांतून कळली असें परंपरेनें सांगतात. त्या पत्रांत रणांगण नाहीं, रक्त नाहीं, लाखांचे आंकडे नाहींत. दोन मोतीं गेलीं, कांहीं मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा यांची गणती नाहीं, एवढाच मजकूर. मोहरांचा आंकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. मोतीं मात्र दोनच राहतात. बखरींतल्या कोणत्याहि वर्णनापेक्षां हा जमाखर्च अधिक भेसूर वाटतो. त्या लढाईचा पर्वत झालाच होता. लिहिणारानें त्याची राई केली, म्हणजे ती पेशव्यांच्या हातांत मावेल.

यावरून आम्हांस वाटतें कीं, अतिशयोक्ति ही निश्चिंतपणाची भाषा आहे. घरांत दिवा आहे, सर्व माणसें जागच्या जागीं आहेत, उद्यांच्या भाकरीची काळजी नाहीं, अशा वेळीं माणूस धुक्याला कंदील टांगतो. हानि जेव्हां खरोखरच मोठी असते तेव्हां तिच्यांत भर घालण्याची कोणाची छाती होत नाहीं, गरजहि नसते. म्हणून ज्या घरांतून रात्रीं थापा ऐकूं येतात तें घर बहुधा सुखी समजावें; आणि थापाड्या माणूस बोलतां बोलतां जर एकाएकीं आंकडे नेमके सांगूं लागला, तर हंसणें थांबवून त्याच्याजवळ जाऊन बसावें.